पडवी वाढते तेव्हा विजेची वाट

महाराष्ट्रातल्या बहुतेक बैठ्या घरांत वीज पुढच्या दारानेच येते. खांबावरून निघालेली सर्व्हिस वायर जीआय तारेच्या आधाराने अंगण ओलांडते, दर्शनी भिंतीवरच्या पाइपात शिरते, खाली उतरून दाराशेजारच्या मीटरमध्ये जाते आणि तिथून घरभर पसरते. रीडिंग घ्यायला येणाऱ्याला घरात शिरावं लागू नये म्हणून मीटर पुढे. मीटर पुढे म्हणून मेन स्विच पुढे, आणि मेन स्विच पुढे म्हणून माजघराच्या, न्हाणीच्या, पंपाच्या वायरी तिथूनच फुटलेल्या. मग कधीतरी घरात गाडी येते, किंवा पावसाची झड उंबऱ्यापर्यंत येते म्हणून मंडळी कंटाळतात, किंवा म्हाताऱ्या माणसांना सावलीत बसायला जागा हवी असते, आणि पुढे पोर्च काढायचं ठरतं. भिंतीवरच्या या सगळ्या वायरी तेव्हापासून धड बाहेरच्या राहत नाहीत आणि धड आतल्याही होत नाहीत. या पुस्तिकेचा विषय त्या वायरी आहेत.

विषय लहान वाटेल. पोर्चच्या एकूण खर्चात वायरिंगचा वाटा इतका थोडा असतो की हिशेबाच्या कागदावर तो ‘किरकोळ’मध्ये जातो. पण पत्रा गळला तर माणूस भिजतो, फरशी उचकटली तर ठेच लागते, आणि वायरीकडे दुर्लक्ष झालं तर जीव जातो. तोही बहुधा पावसाळ्यात, अनवाणी आणि ओल्या अंगाने असताना, कपडे वाळत घालताना किंवा लोखंडी खांबाला हात टेकून चप्पल काढताना. कपड्यांच्या तारेत वीज उतरून एकाच घरातली दोन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. एकाला धक्का बसतो, त्याला सोडवायला दुसरं धावतं. अशा बातम्या शेवटपर्यंत वाचल्या तर पत्र्याची शेड, लोखंडी खांब आणि त्यांना कुठेतरी घासणारी वायर, हे त्रिकूट बरेचदा सापडतं. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

पोर्च बांधताना घरमालकाची मागणी एकच असते: वायरी दिसता कामा नयेत. मागणी रास्त आहे. नव्या रंगाच्या भिंतीवर लोंबकळणाऱ्या वायरींचा गुंता कुणालाच आवडणार नाही. पण वायर दिसू न देणं आणि वायर सुरक्षित ठेवणं ही दोन कामं आहेत, आणि पहिलं केलं म्हणून दुसरं होत नाही. उघड्या वायरीला चीर गेली, तिच्यावर काळा डाग पडला, क्लिपा सुटून ती लोंबायला लागली, तर घरातल्या कुणाच्या तरी नजरेला येतं. पीव्हीसी पॅनेलच्या छतामागे गेलेली वायर वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. तिथे तिला उंदीर कुरतडतो, पत्र्याच्या धारेवर ती घासते, जोडावरची टेप सुटते, आणि खाली छान पांढरं छत दिसत असतं. म्हणून या पुस्तिकेत क्रम उलटा लावला आहे. आधी वायर हलवायची का ते ठरवायचं, मग तिला कवच द्यायचं, लपवायचं सगळ्यांत शेवटी. आणि लपवल्यावरही तिची वाट घरात कुणाला तरी ठाऊक असायला हवी.

हलवण्याचा प्रश्न आधी का, ते नीट सांगायला हवं. भिंतीवरच्या वायरी दोन जातींच्या असतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. मीटरनंतरची मांडणी ग्राहकाची. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर मात्र पुरवठादाराच्या अखत्यारीत. पुरवठादार म्हणजे राज्याच्या बहुतेक भागात २००५ साली वीज मंडळाच्या विभाजनातून निघालेली महावितरण, मुंबईत भागाप्रमाणे बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर, गोव्यात सरकारचं वीज खातं. हा भेद फक्त मालकीचा असता तर त्यावर एवढं लिहिलं नसतं. मेन स्विच खाली केला, सगळे एमसीबी पाडले, तरी सर्व्हिस वायर जिवंतच राहते, कारण ती या सगळ्यांच्या आधी आहे. तिच्यावर बिघाड झाला तर तोडायला घरात काहीच नसतं. असतो तो डीपीवरचा, बऱ्याच घरांसाठी मिळून बसवलेला मोठा फ्यूज. ‘मेन बंद केलाय, मारा बिनधास्त’ असं गवंड्याला किंवा वेल्डरला सांगितलं जातं, तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात ही दुसरी वायर नसते. तिला पोर्चच्या छतात गाडणं म्हणजे बंद न होणारी वायर नजरेआड करणं. तिची वाट बदलून, मीटर पोर्चच्या बाहेरच्या कडेला किंवा बाजूच्या भिंतीवर आणून, मगच बांधकाम करायचं, आणि हे काम पुरवठादाराकडे अर्ज करूनच. महावितरणच्या कार्यालयात खेटे घालायचा कंटाळा येतो हे मी समजू शकतो. पण या एका बाबतीत दुसरा मार्ग नाही.

नियमही याच बाजूचे आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नियम केले आणि २०२३ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०१०च्या नियमांत घराजवळून जाणाऱ्या ६५० व्होल्टपर्यंतच्या ओव्हरहेड लाइनसाठी अंतरं ठरवून दिली आहेत: लाइन वरून जात असेल तर छपराच्या सर्वांत उंच जागेपासून २.५ मीटर, बाजूने जात असेल तर १.२ मीटर. ही अंतरं सांगताना उघडी गॅलरी, पडवीचं छप्पर आणि भिंतीला टेकून काढलेलं एकपाखी छप्पर यांची नावं घेतली आहेत. म्हणजे पोर्च हा ‘घराचा भाग थोडाच आहे’ असं म्हणून सुटत नाही. वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर उभं अंतर ३.७ मीटर लागतं. लाइनजवळ कायमचं किंवा तात्पुरतं वाढीव बांधकाम करण्याआधी पुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवावं, असंही त्यांत आहे. माझ्या अनुभवात हे कळवणारे फार थोडे, आणि जे कळवतात त्यांची लाइन पोर्च होण्याआधी सरकलेली असते.

आता लोखंडाकडे येतो, कारण आपल्याकडचा पोर्च बहुतेक वेळा लोखंडाचाच असतो: चौकोनी पाइपांचे खांब, वर पर्लिन, त्यावर रंगीत पत्रा. फॅब्रिकेटर भिंतीला पट्टी लावताना ड्रिल मारतो, पत्रा बसवताना वरून स्क्रू ठोकतो, आणि त्यातला एखादा स्क्रू मागच्या वायरीत शिरतो. दिवे लागतात, पंखा फिरतो, कुणाला काही कळत नाही. सांगाडा मात्र जिवंत झालेला असतो. ‘एमसीबी आहे ना, पडेल’ यावर लोकांचा इतका विश्वास आहे की इथे थोडं गणित करायलाच हवं. समजा सांगाडा अर्थिंगला जोडला आहे आणि त्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. २३० व्होल्टना १०ने भागलं तर २३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट जेमतेम दीडपट वाटतो, आणि तेवढ्याला तो तासभरसुद्धा न पडता राहू शकतो. अर्थिंग नसलंच, सांगाडा नुसता काँक्रीटच्या पायावर उभा असेल आणि जमिनीपर्यंतचा रोध १०० ओहम असेल, तर वाहतात २.३ अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने ती एक इस्त्रीसुद्धा नाही. माणसाच्या छातीतून मात्र ३० मिलिअँपिअर, म्हणजे या २.३ अँपिअरच्या पाऊणशेव्या हिश्शाच्या आसपास, थोडा वेळ वाहिले तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो.

हे काम आरसीसीबीचं आहे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो की नाही एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तीन दशांशाच्या आत तोडतो. वायरीची काळजी एमसीबी घेतो, माणसाची काळजी आरसीसीबी. दोन्ही हवेत, आणि सांगाडा अर्थिंगला जोडलेलाही हवा, म्हणजे बिघाड झाल्याबरोबर वीज तुटेल. कुणी खांबाला हात लावेपर्यंत थांबावं लागणार नाही. पण हे कवच मीटरच्या पुढच्या वायरींनाच मिळतं. सर्व्हिस वायरीत स्क्रू गेला तर आरसीसीबीलाही काही कळत नाही. ती आधी हलवा, असं मी पुन्हा पुन्हा म्हणतो ते यासाठी.

वायर हलवली किंवा हलवायची गरज नाही असं ठरलं, की मग कवच. इथे वायरमन आणि घरमालक यांची रस्सीखेच असते. भिंतीत झिरी मारून पाइप कन्सील करायचा, की वरून केसिंग-कॅपिंग लावायची, की उघडा पाइप सॅडलवर न्यायचा? माझं मत स्पष्ट आहे. नवी भिंत असेल तर कन्सील पाइप, आडवा किंवा उभा, तिरका कधीच नाही. तिरक्या झिरीने दोन फूट वायर वाचते, पण पुढे खिळा ठोकणाऱ्याला तिचा अंदाजच येत नाही. जुन्या विटांची, मातीच्या जोडाची किंवा चिऱ्याची भिंत असेल तर झिरी मारू नका. उघडा पाइप भिंतीच्या रंगात रंगवला तर तो डोळ्यांना टोचत नाही. आपल्या जुन्या घरांत सागवानी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी ओळीत बसवलेली वायरिंग असायची. ती उघडी होती आणि देखणीही होती, कारण करणाऱ्याने ओळंबा धरून केली होती. नीटनेटकी उघडी वायरिंग ही लाज वाटण्याची गोष्ट नाही.

पत्र्याखालच्या छतात वायर न्यायचीच असेल तर तिथल्या उकाड्याचा विचार आधी करायला हवा. विदर्भात मे महिन्यात पत्रा आणि पॅनेल यांच्यामधली हवा ६० अंशांपर्यंत तापली तर नवल नाही. साध्या पीव्हीसी वायरीचं तांबं ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. तिची क्षमता भोवतालचे ४० अंश धरून सांगितलेली असेल, तर ६० अंशांत ती साधारण ५८ टक्केच उरते, कारण तापायला ३० अंशांऐवजी १० अंशांचीच जागा राहते. म्हणून अशा छतातून जाणारी वायर एक माप वरची घ्यायची आणि पत्र्याला चिकटवून न्यायची नाही. जोड छतात द्यायचाच नाही. द्यावा लागला तर झाकण उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये, आणि त्या बॉक्सखालचं पॅनेल सुटं. ॲल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड मला या सगळ्या प्रकारात सर्वांत वाईट वाटतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, दमट हवेत दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो, जोड सैल पडतो, तापतो, आणि पॅनेलच्या मागे आग लागते. त्याला बायमेटॅलिक लग किंवा योग्य कनेक्टर मिळतो आणि तो महाग नसतो.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा. तिथे पाणी वरून येतंच, शिवाय वाऱ्याबरोबर आडवंही येतं. पाइपाचं तोंड वर किंवा समोर असेल तर पाणी वायरीच्या कडेने थेट बोर्डात उतरतं. म्हणून तोंड खाली वळवायचं, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी त्या झोळातून टपकून जातं. इतकी साधी गोष्ट, पण मी पाहिलेल्या पोर्चांपैकी फार थोड्या ठिकाणी ती दिसली. खाऱ्या हवेत जीआय सॅडल लवकर गंजतात, तिथे प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. उन्हात राहणारी साधी पीव्हीसी वायर काही वर्षांत कडक होऊन तडकते, म्हणून पोर्चच्या बाहेर डोकावणारा प्रत्येक तुकडा पाइपातच हवा. पावसाळ्यात पडवीला झड बांधतात किंवा निळं प्लॅस्टिक लावतात, तेव्हा त्याची दोरी वायरीच्या पाइपाला बांधायची सवय आहे. ती मोडलीच पाहिजे.

जमिनीत तर आणखी एक गोष्ट लपून जाते, आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही. जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा बहुधा पुढच्याच अंगणात असतो. पोर्चची फरशी किंवा पेव्हर ब्लॉक टाकले की तो त्याखाली जातो. त्याच्यात पाणी घालायला जागा राहत नाही, जोड गंजला तर पाहता येत नाही, आणि काही वर्षांनी घरातल्या अर्थिंगच्या हिरव्या वायरी कशालाच जोडलेल्या नसतात. फरशी टाकण्याआधी खड्ड्यावर झाकणाचा छोटा चेंबर बांधायला एक दिवस पुरतो. गेटच्या दिव्यासाठी किंवा विहिरीच्या पंपासाठी केबल जमिनीखालून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल, किमान ७५ सेंटिमीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा, आणि विटांच्या वर धोक्याची पट्टी. पट्टी पुढच्या खोदणाऱ्यासाठी असते. तो खोदणारा कदाचित तुमचाच नातू असेल.

या सगळ्याचं मूळ कामाच्या क्रमात आहे. पोर्चच्या कामावर आधी गवंडी येतो, मग फॅब्रिकेटर, मग छतवाला, मग रंगारी, आणि यांच्या मधे कुठेतरी ‘जरा दोन पॉइंट काढून दे’ म्हणून वायरमनला फोन जातो. तोवर खांब उभे राहिलेले असतात, भिंतीला पट्ट्या बसलेल्या असतात, आणि वायरमनला उरलेल्या फटीतून वायर काढावी लागते. वाईट काम करायची इच्छा कुणाचीच नसते, पण क्रमच असा की चांगलं काम करायला जागा राहत नाही. वायरमन पहिल्या दिवशी यायला हवा, चुन्याची आखणी होते त्या वेळी. तो परवानाधारक ठेकेदाराकडचा असावा, आणि काम झाल्यावर त्याने ५०० व्होल्टच्या मेगरने वायरी तपासून द्याव्यात. फेज आणि अर्थिंग यांच्यामधला रोध १ मेगाओहमपेक्षा कमी निघाला तर काम घ्यायचं नाही, पैसेही द्यायचे नाहीत. वेल्डिंग चालू असताना जवळपासच्या वायरींवर ओली गोणपाटं किंवा पत्र्याचा तुकडा टाकायला सांगावं, आणि ते टाकले जातात का हे उभं राहून बघावं.

प्लास्टर करण्याआधी, छत लावण्याआधी, प्रत्येक पाइपाचा फोटो काढून ठेवा. फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे: कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती. हे फोटो फोनमध्ये ठेवले तर फोन बदलला की जातात. म्हणून कागदावर छापून मेन स्विचच्या बॉक्समध्ये आतल्या बाजूला चिकटवा. पुढे कधी आकाशकंदिलासाठी हूक ठोकायचा असेल तर कुठे ठोकायचा नाही हे कळेल. मोकळ्या पाइपात एक जास्तीची तारही ओढून ठेवा.

ही पुस्तिका घरमालकांसाठी आहे, तशीच गवंड्यांसाठी आणि फॅब्रिकेटरांसाठीही. वायरमनला तिच्यातलं बरंचसं ठाऊक असेल, पण घरमालकाला पटवून द्यायला त्याला आधार मिळेल अशी आशा आहे. वाचून स्वतः जोडण्या करायला लागावं असा हेतू अजिबात नाही. काय विचारायचं, काय बघायचं आणि कुठे नाही म्हणायचं, एवढं त्यातून यावं. वायर तुटून पडली असेल किंवा खांबाला, पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर पुस्तिका वाचत बसू नका. लोकांना दूर ठेवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

शेवटची दोन प्रकरणं नव्या गोष्टींवर आहेत आणि ती मी मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत. पोर्चमध्ये आता विजेवरची गाडी चार्जिंगला लागते. ३.३ किलोवॉटचा चार्जर रात्रभर सुमारे १४ अँपिअर खेचतो, आणि पोर्चच्या दिव्यासाठी ओढलेल्या १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर तो जोडला तर वायर छतातल्या छतात तापत राहते. त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी हवा. दुसरी गोष्ट सोलरची. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेनंतर गच्च्यांवर आणि पत्र्यांवर पॅनेल दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या डीसी केबली पोर्चच्या कडेने खाली उतरतात. घराचा मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर या केबली जिवंत असतात, आणि पाच-सहा पॅनेलं ओळीने जोडली की व्होल्टेज २००च्या वर जातं. एमसीबी बघून काम सुरू करणाऱ्या वायरमनलाही इथे फसायला होतं. म्हणून डीसी केबल दिव्या-पंख्याच्या वायरीबरोबर एका पाइपात घालू नये, पॅनेलच्या छतात लपवू नये, आणि वेगळ्या पाइपावर दर दोन-तीन फुटांवर ‘सोलर, दिवसा चालू’ असं ठळक लिहावं. ते प्रकरण गच्चीवरच्या डीसी आयसोलेटरपासून सुरू होतं, कारण छतवाल्याला शिडी लावू देण्याआधी तोच बंद करायचा असतो.